ठकूला तूच सांगायचंस

प्रिय खटपट्या,

रविवारी दुपारी तुझा फोन आला तेव्हा मी स्टुलावर चढून पडदे काढत होते. तू म्हणालास, "आई, चार दिवस ये ना. ठकूला ते सगळं समजावून सांगायला हवं. बायकांचं काम आहे, मला काय कळतंय त्यातलं." मी "बघते" म्हटलं. मी "बघते" म्हटलं की ते बहुतेक "नाही" असतं, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी गैरसमज नको म्हणून स्वच्छ लिहिते. मी येणार नाही. ठकूला तू सांगायचंस. तू तिचा बाप आहेस, घरात तुम्ही दोघंच असता, आणि ज्या सकाळी तिला पाळी येईल त्या सकाळी मी इथे पाच तासांवर बसलेली असेन. तेव्हा ती न्हाणीघराच्या दाराआडून हाक कोणाला मारणार? तुलाच. आणि तू काय करणार? मला फोन लावणार. म्हणून हे पत्र. फोनवर तू "हो गं, हो गं" करत राहतोस आणि मनात कुठल्यातरी लिफ्टचा दोर मोजत असतोस. पत्राला "हो गं" म्हणून गप्प करता येत नाही.

आधी त्या दिवशी नेमकं काय झालं ते लिहिते, कारण तुला अर्धंच माहीत आहे. शनिवारी शाळेत एका मुलीच्या स्कर्टला डाग पडला, वर्गातली कार्टी हसली, बाईंनी तिला घरी पाठवलं. ठकूने रविवारी तुला विचारलं, "बाबा, तिला काय लागलं होतं?" तू मला फोन लावलास, तिच्या हातात दिलास, "आजीशी बोल" म्हणालास आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलास. वीस मजल्यांच्या पोकळीत पट्ट्याला लटकून काम करणारा माणूस तू, अकरा वर्षांच्या पोरीच्या एका प्रश्नाला घाबरून पळालास. बरं. तू गॅलरीत असताना ती मला काय म्हणाली ते ऐक. "आजी, ती मुलगी किती दिवसांनी मरेल?" मी म्हटलं, काय वेड्यासारखं बोलतेस. तर म्हणते, "आईला पण असंच रक्त यायचं. मग आई गेली. सगळ्या मुलींना येतं म्हणतात. मला कधी येणार?" अगदी शांतपणे विचारत होती, शाळेची सहल कधी आहे असं विचारावं तशी. मी स्टुलावरून खाली उतरले. म्हटलं, ठकू, पाळी आली म्हणून कोणी मरत नाही. ती मुलगी उद्या शाळेत येईल बघ. "मग आई?" म्हणाली. त्यावर मी काहीतरी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात ती आणखी एक वाक्य बोलली, आणि तू येऊन फोन घेतलास. "झालं का बोलून दोघींचं?" असं मोठ्या उत्साहाने विचारलंस. जसं काही आम्ही रिबिनींच्या रंगावर बोलत होतो.

तर तुझी मुलगी गेली अडीच वर्षं असं समजून चालली आहे की एक दिवस तिला रक्त येईल आणि मग ती मरेल. कोणाला बोलली नाही. अभ्यास करते, तुझा डबा भरते, तुझे मोजे जोडीने लावून ठेवते, आणि वाट बघते. आता नीट बस. पेन आणि कागद घे. तू कधीच वाचून शिकला नाहीस, हाताने उघडून शिकलास, पण हे उघडून बघता येणार नाही, तेव्हा आईवर विश्वास ठेव.

बाईच्या ओटीपोटात गर्भाशय असतं. उलट्या धरलेल्या पेरूएवढं, तेवढंच. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन अंडाशयं, बदामापेक्षा जरा मोठी. त्यांच्यात मुलगी जन्माला येते तेव्हापासूनच लाखो स्त्रीबीजं असतात, न पिकलेली, झोपलेली. मुलगी दहा-बारा-तेरा वर्षांची झाली की मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी एक ग्रंथी अंडाशयांना रक्तातून निरोप धाडायला लागते. तुझ्या भाषेत, नियंत्रणाची पेटी वर गच्चीवर आणि काम खाली. निरोप आला की एखाद्या अंडाशयातलं एक बीज पिकायला लागतं. ते पिकत असताना अंडाशय आपला निरोप गर्भाशयाला देतं, आणि गर्भाशयाच्या आतल्या बाजूला अस्तर चढायला लागतं. रक्ताने भरलेलं, मऊ, जाड. कशासाठी? मूल राहिलं तर त्याला रुजायला जागा हवी. मग बीज पिकून बाहेर पडतं आणि नळीतून गर्भाशयाकडे निघतं. त्याचं आयुष्य जेमतेम एका दिवसाचं. त्या दिवसात पुरुषबीजाशी गाठ पडली नाही, तर मूल राहत नाही. ही गाठ कशी पडते ते ठकूने विचारलं तर तेही सांगायचं, गॅलरीत जायचं नाही. मूल राहिलं नाही की अंडाशय आणखी पंधरवडाभर अस्तर सांभाळायचा निरोप देत राहतं आणि मग तो निरोप बंद करतं. अस्तर सुटतं, आणि रक्ताबरोबर खाली वाहून जातं. ही पाळी. दोन दिवस ते सात दिवस. ज्या दिवशी रक्त आलं तो पहिला दिवस धरायचा, आणि पुढच्या पाळीचा पहिला दिवस येईपर्यंत एक फेरा. तो फेरा चालू असतानाच वरून पुढचा निरोप निघालेलाही असतो.

आता तू म्हणशील, म्हणजे दर महिन्याला अठ्ठावीस दिवसांनी. नाही. तू चौदा वर्षं संसार केलास आणि तुझी समजूत अशी होती की कॅलेंडरचं पान उलटलं की बायकांना पाळी येते. सूनबाईने मला हसत हसत सांगितलं होतं. शरीर म्हणजे लिफ्ट नव्हे की बटण दाबलं आणि ठरल्या मजल्यावर उभं राहिलं. कोणाची पंचवीस दिवसांनी, कोणाची तेहतिसाव्या दिवशी. ठकूला पहिली दोन-तीन वर्षं तर काहीच धरबंध नसेल. एकदा येईल, मग दोन महिने गायब, मग वीस दिवसांनी हजर. घाबरायचं नाही. तिच्याकडे एक छोटी वही दे आणि तारीख लिहायला शिकव, तू लिफ्टच्या कार्डावर तपासणीची तारीख लिहितोस तशी. किती रक्त जातं हेही सांग. पोरींना वाटतं बादलीभर जातं. सगळ्या दिवसांचं मिळून दोन-चार मोठे चमचे, फार तर पाच. ठकूला चमचा काढून दाखव. आकडा हातात आला की भीती निम्मी होते, हे तुझंच वाक्य आहे, दोर किती वजन पेलतो ते लोकांना सांगताना तू म्हणतोस.

पोटात दुखेल. गर्भाशय हा स्नायू आहे, अस्तर सोडवायला तो आवळतो, म्हणून दुखतं. "नाटकं करू नकोस" हे तीन शब्द त्या घरात उच्चारायचे नाहीत. गरम पाण्याची पिशवी दे, आणि तेवढ्याने भागलं नाही तर दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारून. पॅड घरात आजच आणून ठेव. स्वतः दुकानात जा, नाव घेऊन माग, इकडेतिकडे बघत उभा राहू नकोस. एक दप्तरात, धुतलेल्या चड्डीबरोबर. चार-पाच तासांनी बदलायचं, भिजो वा न भिजो. वापरलेलं कागदात गुंडाळून कचऱ्यात, संडासात नाही. आणि हेही सांग, पाळी यायच्या आधी काही महिने कपड्यावर पांढरट ओल दिसायला लागते. तो आजार नाही, निरोप निघाल्याची खूण आहे. हे सांगताना तुझे कान लाल होतील. होऊ देत. तिला कान दिसतील, पण शब्दही ऐकू येतील.

तुला वाटत असेल, आई इतकं धडाधड लिहिते आहे, म्हणजे आयुष्यभर हेच बोलत आली असेल. खोटं. हे सगळं मी कॉलेजात शिकले, जीवशास्त्र घेऊन. "स्त्रीच्या मासिक चक्राचे आकृतीसह वर्णन करा." दहापैकी नऊ गुण, आणि आकृती एवढी सुबक की सरांनी ती वर्गात फिरवली. पोरी एकमेकींकडे न बघता ती पुढे सरकवत होत्या, जसं काही त्या आकृतीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. माझाही नव्हता. मला बाराव्या वर्षी पाळी आली तेव्हा माझ्या आईने कापडाची घडी हातात ठेवली आणि म्हणाली, "आता जपून राहायचं. बाबांना आणि दादाला कळू द्यायचं नाही." झालं एवढंच शिक्षण. मी जपून राहिले. दादाला कळू दिलं नाही, मग तुझ्या बाबांना कळू दिलं नाही. सव्वीस वर्षं दर महिन्याला माझी कंबर धरायची आणि तुझे बाबा बिचारे काळजीने गाद्या बदलत राहिले. शेवटची गादी तर इतकी कडक आणली की तिच्यावर इस्त्री करता आली असती. मी कारण सांगितलं नाही. पदवी भिंतीवर टांगली होती आणि तोंडाला कुलूप. आणि आम्हा बायकांची शब्दसंपत्ती बघ. अडचण आली. प्रॉब्लेम आहे. कावळा शिवला. त्या कावळ्याने कोणाचं काय वाकडं केलं होतं कोण जाणे. पाळीला पाळी म्हणायची आमची तयारी नाही.

नोकरीतही तेच. एकतीस वर्षं मी इस्पितळाचं धुलाई खातं चालवलं. रोज हजारभर चादरी, उशांचे अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे कपडे. सगळ्या वॉर्डांचं रक्त आमच्या हाताखालून गेलं, आणि हाताखालच्या बावीस बायकांतल्या एकीनेही कधी "मला आज पाळी आहे" असं म्हटलं नाही. आमची पद्धत निराळी होती. भिजलेल्या कपड्यांची गाठोडी उचलणं हे सगळ्यात जड काम, आणि वाळलेल्या चादरींच्या घड्या घालणं हे बसून करायचं हलकं काम. एखादी सकाळी येऊन म्हणायची, "बाई, आज मी घड्यांना बसते." बस. मी तिच्या नावापुढे "घड्या" लिहायची. कारण विचारायचं नाही, सांगायचं नाही. दुसऱ्या कोणीतरी न बोलता तिची गाठोडी उचलायची. मला या पद्धतीचा फार अभिमान होता. मीच ती सुरू केली होती. वाटायचं, न विचारता समजून घेणं यापरता मोठेपणा कोणता? मग चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरवरच्या एका बाईचं झालं. आम्ही तिला भिंगरी म्हणायचो, इतकी चपळ. ती सलग एकवीस दिवस घड्यांना बसली. मी एकवीस दिवस तिच्या नावापुढे निमूटपणे "घड्या" लिहिलं. बाविसाव्या दिवशी ती टेबलावरच कोसळली. अंगात रक्तच उरलं नव्हतं. इस्पितळातच होतो, दोन जिने वर उचलून नेली म्हणून वाचली. वरच्या डॉक्टरीणबाई माझ्यावर कडाडल्या, "रोज बघत होतात ना तिला?" मी म्हटलं, "आम्ही विचारत नाही." मला त्यांचा राग आला. मनात म्हटलं, हिला काय कळणार रीतभात. एवढं समोर घडूनही मी काही शिकले नाही, हे मुद्दाम नोंदवून ठेवते.

म्हणून यादीतलं शेवटचं कलम ठकूला तोंडपाठ करायला लाव, आणि आधी तू कर. तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, सात दिवसांच्या पुढे रक्त थांबत नसेल, पाळी तीन महिने आलीच नाही, किंवा दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त दिसलं, तर डॉक्टरकडे जायचं. त्याच आठवड्यात. कोणाची परवानगी विचारायची नाही, वय काय आहे ते बघायचं नाही, कोणी मोठं माणूस "होतं असं" म्हणालं तर त्याचं ऐकायचं नाही. मग ते मोठं माणूस तिची आजी असली तरी.

सूनबाई गेल्यावर दीड महिन्याने मी तुझं घर सोडून इथे दोन खोल्यांत राहायला आले. तू केवढं विनवलंस. मी म्हटलं, गुडघ्यांना जिने झेपत नाहीत. तुझ्या इमारतीत लिफ्ट आहे, ती तू स्वतः सांभाळतोस, एक दिवस बंद पडत नाही, आणि तरी तू हे कारण खरं मानलंस. किंवा मानल्यासारखं केलंस. माझे गुडघे ठणठणीत आहेत. परवा स्टुलावर चढले होतेच.

सूनबाई मला उन्हाळ्याच्या सुरुवातीला पहिल्यांदा बोलली. मंगळवार होता, तू कामावर गेला होतास, ती तिच्या चष्म्यांच्या दुकानात कामाला जायच्या आधी काचा पुसायचं फडकं धूत होती. म्हणाली, "आई, पाळी होऊन बाराच दिवस झाले आणि परत लागलंय. मागच्या महिन्यातही मध्येच दिसलं होतं. ह्यांना सांगू का? डॉक्टरकडे जावं का?" अडतीस वर्षांची होती. जीवशास्त्रात दहापैकी नऊ गुण मिळवलेल्या तुझ्या आईने तिला सांगितलं, "चाळिशी जवळ आली की मागेपुढे होतंच. त्याला सांगू नकोस, त्याला काय कळतंय त्यातलं? उगाच घाबरवशील." माझेच शब्द तू रविवारी फोनवर उच्चारलेस, म्हणून मी "बघते" म्हणून फोन ठेवला. महिन्याने ती परत आली. मी परत तेच सांगितलं, जरा चिडूनच. तिसऱ्यांदा ती आली नाही. पण घरातल्या चादरी मी धूत होते, मला सगळं दिसत होतं. एकतीस वर्षांच्या नोकरीत मला एक गोष्ट पक्की येते. डाग ताजा असताना गार पाण्यात, वर थोडं मीठ, आणि मागच्या बाजूने चोळायचं. गरम पाणी लावलं की तो बसतो. तू संध्याकाळी घरी यायचास तेव्हा चादर वाळून, घडी होऊन कपाटात असायची. मला वाटायचं मी तिची लाज राखते आहे. सात महिने मी तिची लाज राखली. मग कंबर धरली आणि पाय सुजले, मग तपासण्या, मग त्या डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस काही लक्षण दिसलं नाही?" तू म्हणालास, "नाही हो, काहीच नाही, आम्हाला कळलंच नाही." मी तुझ्या शेजारी फाइल घेऊन उभी होते. ती पलंगावरून माझ्याकडे बघत होती. तिने माझं नाव घेतलं नाही. त्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही. तिचा आजार पाळीचा नव्हता, गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग होता, मधल्या दिवसांतलं रक्त त्याची हाक होती. ठकूला हा फरक सांगायचा, नीट, शब्द न टाळता. सात महिने आधी गेलो असतो तर ती राहिली असती का, हे मी वर्षभराने एकटीच जाऊन त्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "खात्रीने कोणी सांगणार नाही. पण शक्यता बरीच जास्त होती." तेवढं ऐकून मी परतीची गाडी पकडली. तुला लिहिलं नाही. आज लिहिते आहे.

तू हे वाचून काय करशील ते मला माहीत नाही. ओरडशील, की महिनोन्‌महिने फोन करणार नाहीस, की पत्र फाडशील. सगळं तुझ्या हक्काचं आहे, मी एका शब्दाने समजूत घालणार नाही. पण हे मी स्वतःला हलकं करायला लिहिलेलं नाही. तसं असतं तर अडीच वर्षं थांबले नसते, आणि खरं सांगते, रविवारचा फोन आला नसता तर याच्यापुढेही गप्पच बसले असते. रविवारी फोन तुझ्या हातात जायच्या आधी ठकू जे शेवटचं वाक्य बोलली ते असं. आवाज अगदी बारीक करून म्हणाली, "आजी, मी बाबांना चादरीचं अजून सांगितलं नाही हं. तू आईला म्हणाली होतीस ना, सांगू नको." आठ वर्षांची होती ती तेव्हा. कधीतरी दाराआड उभी असणार, आम्हाला दिसली नाही. तेव्हापासून माझं गुपित ती राखते आहे, तुझ्यासमोर रोज जेवायला बसून, मोठ्या इमानाने, आजीने सांगितलं म्हणून. मी तिथे येऊन तिला पाळी समजावली, तर तिच्या लेखी बायकांनी बापाच्या पाठीमागे कुजबुजायची ती आणखी एक गोष्ट होईल. म्हणून मी येत नाही. तिला सांगून झाल्यावर तू बोलावशील तर पहिल्या गाडीने येईन, पण त्याआधी नाही. आता माझ्यावरचा राग तासभर बाजूला ठेव आणि तिला हाक मार. शेजारी बसव. पहिल्यांदा एवढंच सांग, आजीने मला सगळं सांगितलंय, चादरीचंसुद्धा, आता तुला माझ्यापासून काहीही लपवायचं नाही. ती रडली तर रडू दे, घाई करू नकोस. अंडाशय आणि बाकीचं त्यानंतर.

तुझीच, अजून तसं म्हणू देणार असशील तर,
आई